चार लाख पावलं

इरफान मुलाणी फोन केल्याशिवाय कधी यायचा नाही. त्या मंगळवारी सकाळी मात्र तो मिरजेचं आपलं कृत्रिम पायांचं केंद्र बंद ठेवून थेट शिरोलीच्या कारखान्यात आला आणि ऋतुजा मगदूमच्या टेबलावर मोबाईल ठेवत म्हणाला, "मॅडम, बघा बरं. हा आपला 'डौल'च ना?"

ऋतुजानं फोटो मोठा करून पाहिला. गुडघ्याच्या वर पाय कापलेल्या माणसासाठी तिनं घडवलेला कृत्रिम गुडघा होता तो. पोलादाच्या बारीक जाळीचा एकसंध तुकडा. त्यात तेल नाही, मोटर नाही, एक स्क्रूसुद्धा नाही. वजन पडलं की जाळी ताठ व्हायची, पाऊल उचललं की लवायची. तीन वर्षांत सहा हजार माणसं त्यावर चालायला लागली होती. त्यातली चारशे इरफाननं आपल्या हातानं चालती केली होती.

"डौलच आहे," ती म्हणाली.

"मग ठसा दाखवा."

प्रत्येक डौलच्या आतल्या बाजूला धातूच्या कणांतच उमटवलेला एक ठसा असायचा. बोटाच्या रेषांसारखा, प्रत्येकाचा वेगळा, आणि भिंगाखालीच दिसणारा. पुढचा फोटो इरफाननं भिंगातूनच काढला होता. त्यात ती जागा गुळगुळीत होती.

ऋतुजा खुर्चीतून उठली. "सापडले!" ती जवळजवळ ओरडलीच. "इरफान, सापडले चोर!"

तिचा आनंद इरफानला समजत होता. बारा वर्षांपूर्वी तिनं म्हाताऱ्या माणसांसाठी घडी होणारा एक वॉकर बनवला होता. परदेशातल्या एका कारखान्याला नकाशे दिले, नमुने मागवले, आणि तिचा माल बंदरात पोचायच्या आधीच तोच वॉकर दुसऱ्याच नावानं बाजारात आला. दिल्लीच्या एका प्रदर्शनात तिनं तो हातात घेऊन पाहिला. तिच्या नकाशात बिजागरीजवळ एक भोक चुकून राहिलं होतं, कशाच्याच कामाचं नसलेलं. नकलेतही ते भोक बरोब्बर त्याच जागी होतं. चोरांनी चूकसुद्धा सोडली नव्हती. स्टॉलवरचा माणूस तिलाच त्या वॉकरचे गुण समजावून सांगत होता आणि ती मान डोलवत होती. त्या दिवशी तिनं ठरवलं होतं, पुन्हा नाही.

डौलसाठी लागणारी छपाईची यंत्रं इथं नव्हती. धातूच्या भुकटीचा केसाएवढा थर पसरायचा, त्यावर किरण फिरवून हवा तेवढाच भाग वितळवायचा, मग पुढचा थर, असे चार हजार थर. ती यंत्रं व्हिएतनाममध्ये हायफाँगच्या एका कारखान्यात होती. तिथं काम द्यायचं, तर आकार लपवणं शक्यच नव्हतं. कुणीही गुडघा क्ष-किरणांखाली ठेवला असता, तर जाळीची तार न् तार मोजता आली असती.

पण आकार म्हणजे डौल नव्हे. कोल्हापूरच्या माणसाला हे गुळावरून चटकन कळतं. रस तोच, काहील तीच, पण पाक कधी उतरवला आणि कसा घोटला, यावर गूळ कणीदार होतो की चिकट, ते ठरतं. पोलादाचंही तसंच. प्रत्येक थर वितळल्यावर तो चार टप्प्यांत कसा मुरवत थंड करायचा, ही ऋतुजाची खरी विद्या होती. पाच वर्षं खपून तिनं ती मिळवली होती. ही कृती तिनं कुणाच्या हातात दिलीच नाही. ती एका मोहोरबंद पेटीत जायची, पेटी यंत्राला जोडायची. यंत्र एका थरापुरती ओळ वाचायचं, थर छापायचं आणि वाचलेलं विसरायचं. छापणाऱ्या माणसालाही कळत नसे आपण काय छापतोय ते.

पेटी कुणी फोडलीच तर? त्याचीही तजवीज होती. ती फक्त ऋतुजाला आणि तिच्या वकीलबाईंना ठाऊक होती. मोहोर तुटली की पेटी खरी कृती जाळून टाकायची आणि तिच्या जागी दुसरी द्यायची, दिसायला अगदी खरी, पण मुरवण्याचा दुसरा टप्पा गाळलेली. ऋतुजा तिला 'हूल' म्हणायची.

"कुणाच्या पायात आहे हा?" तिनं विचारलं.

"सुरेखा आवटी. एसटीत कंडक्टर आहे, जत आगाराला. पट्टा सैल झाला म्हणून काल आली होती. ऑनलाइन घेतलाय म्हणाली. मी पट्टा बदलून दिला, गेली ड्यूटीवर."

ऋतुजाचा हात फोनवरच थांबला. "पाय तिला परत दिलास?"

"परत दिला म्हणजे? तिचाच पाय आहे की. ठेवून घेऊ?"

"कधी घेतलाय तिनं?"

"पाच महिने झाले म्हणाली. का?"

ऋतुजा मनातल्या मनात गुणाकार करू लागली. दिवसभर गाडीत पुढे-मागे करणारी बाई. त्या एका पायाची दिवसाला अडीच हजार पावलं तरी पडत असणार. दीडशे दिवस. पावणेचार लाख.

"तिला थांबवायला पाहिजे. आत्ता. नक्कल आहे ती इरफान, निकृष्ट असणार. कधीही मोडेल."

सुरेखाचा फोन लागत नव्हता. जत आगारातून कळलं, ती जत–सांगली गाडीवर आहे, अकराला मिरज स्थानकात येईल. साडेनऊ वाजले होते. ऋतुजानं किल्ली घेतली.

हातकणंगले मागे पडलं. जयसिंगपूरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा इरफान म्हणाला, "मॅडम, एक विचारू? निकृष्ट माल उद्या मोडेल, नाहीतर दोन वर्षं चालेल. तुम्ही मघाशी पाच महिने ऐकलं आणि तुमचा चेहराच उतरला. तुम्ही मोजत होता. काय मोजत होता?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला. ऋतुजानं गाडी पुढे घेतली आणि रस्त्यावरची नजर न काढता त्याला हुलीबद्दल सांगितलं.

"म्हणजे तो मोडणार आहे, हे ठरवून केलेलं आहे," इरफान सावकाश म्हणाला.

"चोराला खरी कृती मिळू नये म्हणून. पेटीतून निघणारा माल लगेच वाकडातिकडा निघाला, तर चोराला कळतं आपण फसलो, तो पुन्हा प्रयत्न करतो. म्हणून चांगला दिसला पाहिजे, थोडा चालला पाहिजे."

"थोडा म्हणजे किती?"

"चार लाख पावलं."

"हा आकडा कुणाचा?"

"माझा. अरे, विकण्याआधी प्रमाणपत्र लागतं. प्रयोगशाळेत तीस लाख पावलांची चाचणी होते. मला वाटलं, मोडेल तो चाचणीच्या यंत्रावर. नाचक्की होईल चोराची. माणसाच्या पायात जाईल, असं मला..."

"चोर प्रमाणपत्र कशाला काढील मॅडम?"

खरं सांगायचं, तर हा प्रश्न तीन वर्षांपूर्वी तिच्याही मनात येऊन गेला होता. तेव्हा तिला ते प्रदर्शन आठवलं, ते भोक आठवलं, आणि तिनं तो प्रश्न तिथंच सोडून दिला होता.

इरफान खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माणूस पहिल्यांदा पाय बसवून उभा राहतो ना, तेव्हा तो माझ्या खांद्याला धरतो. पडणार नाही ना, विचारतो. मी सांगतो, नाही पडणार. तुमच्या जिवावर सांगतो मी ते."

अकराला पाच कमी असताना ते स्थानकात शिरले. जतची विजेची गाडी फलाटाला लागतच होती. तिकिटं आता लोक मोबाईलवरच काढत, पण ज्यांना ते जमत नाही अशांसाठी एसटीनं कंडक्टर ठेवले होते. मागच्या दारातून सुरेखा आवटी उतरत होती. पस्तिशीची, धिप्पाड, गळ्यात तिकिटांचं यंत्र, एका हातात कुणा म्हातारीचं गाठोडं. उजव्या पायावर भार देऊन तिनं डावा खाली टाकला. उजवा म्हणजे तोच.

काही झालं नाही. सुरेखानं म्हातारीला गाठोडं दिलं आणि इरफानला बघून हसली. "आवो मुलाणीभाऊ, हिकडं कुटं?"

फलाटावरच्या बाकावर बसवून इरफाननं तिला समजावलं. ती ऐकत गेली तसं तिचं हसू मावळत गेलं.

"पाय काढून देऊ? आन गाडी कोन नेनार सांगलीला, तुमी?"

"माझ्याकडं जुना आहे एक, तो बसवतो."

"त्यो खुळखुळा? त्याच्यावर मला चालत्या गाडीत हुबं ऱ्हाता येत न्हाई, भाऊ. ह्यो पाय घेतल्यापासनं मी माणसात आलेय." मग ती ऋतुजाकडे वळली. "ह्या कोन?"

"डौल यांनीच बनवलाय. खरा."

सुरेखानं तिला नीट न्याहाळलं. "तुमीच व्हय? बाई, मी तुमच्याच पायासाठी नाव दिलं हुतं. दीड वर्साची यादी हाय म्हनले. तवर काय घरात बसू? आठ दिवसांत ह्यो घरपोच आला. मला काय ठावं खरा कंचा, खोटा कंचा. चालाय येतंय, येवढंच ठावं."

यादी दीड वर्षांची होती, कारण ऋतुजा दुसऱ्या कुणालाच डौल बनवू देत नव्हती. एक कारखाना, मोजक्या पेट्या, प्रत्येक पेटीवर तिची नजर. शेवटी इरफाननं हात जोडले तेव्हा सुरेखानं रजा टाकली, कुरकुरत पाय सोडला आणि त्याच्या केंद्रात कुबड्यांवर जाऊन बसली.

दुपारी दोनला ऋतुजानं तो गुडघा शिरोलीत चाचणीच्या यंत्रावर चढवला. यंत्र सेकंदाला दोन पावलं टाकत होतं. लवला, ताठ झाला, लवला, ताठ झाला. पाच मिनिटं गेली. पडद्यावरच्या आलेखात काहीच दिसत नव्हतं. आपला हिशेब चुकला असेल, अशी एक वेडी आशा तिच्या मनात डोकावून गेली. अकराशे चाळिसाव्या पावलाला 'काड' असा आवाज झाला. जाळी मधोमध फाटून खालचा भाग लोंबू लागला.

सुरेखाची निम्म्या दिवसाची ड्यूटीसुद्धा नव्हती ती.

---

पुण्याहून वकील विभावरी हर्डीकर पडद्यावर आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "ऋतुजा, आता माझं नीट ऐका. नक्कल तुमची नाही. विकली तुम्ही नाही. पाय मोडला, तर गुन्हा विकणाऱ्याचा. पण तुम्ही तोंड उघडून सांगितलंत की तो मोडावा म्हणून मी आकडा घातला, तर तो कबुलीजबाब होतो. आरोपपत्राच्या पहिल्या ओळीत तुमचं नाव येतं."

"आणि लोक पडले तर?"

"नकलेपासून सावध राहा, अशी जाहीर सूचना द्या. तेवढं पुरे."

शेजारी बसलेल्या इरफानला राहवलं नाही. "मॅडम, सूचना वाचून कुणी पाय काढून ठेवील? दुसरा पाय आहे का त्यांच्याकडं? सुरेखाबाईनं हात जोडायला लावले मला आज."

हर्डीकरांनी चष्मा पुन्हा लावला. "मी वकील आहे, मुलाणी. कायदा काय म्हणतो ते सांगितलं. बाकी ठरवणारी मी नव्हे."

मोडलेले तुकडे भिंगाखाली ठेवून ऋतुजा बराच वेळ बघत राहिली. कण जिथं एकमेकांत गुंतायला हवे होते, तिथं ते विटांसारखे नुसते शेजारी शेजारी बसले होते. दुसरा टप्पा गाळल्याचा परिणाम. आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं की हा टप्पा नंतरही देता येईल. तयार गुडघा भट्टीत ठेवायचा, चारशे ऐंशी अंशांवर सहा तास, मग ठरावीक गतीनं उतरवायचा. कण पुन्हा गुंततील. पोलादाला पाणी देणारी भट्टी कुठल्याही गावच्या औद्योगिक वसाहतीत असते. एका दिवसाचं काम.

फक्त ते जगाला सांगावं लागणार होतं. किती अंश, किती तास, कुठल्या गतीनं. म्हणजे तिची खरी विद्याच सांगावी लागणार होती. आकार तर आधीच कुणालाही मोजता येत होता. हा टप्पा सांगितला की डौल तिचा राहणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हायफाँगला फोन लावला. कारखान्याची व्यवस्थापक लिन्ह हिच्याशी तिचं तीन वर्षांचं जवळचं नातं होतं, तेही दुभाषी यंत्राच्या मध्यस्थीनं. व्हिएतनामी बोलण्यात 'मी'-'तू'पेक्षा ताई, भाऊ, काका अशी नातीच जास्त येतात. लिन्ह चार वर्षांनी मोठी, म्हणून कानातलं यंत्र तिच्या 'मी'च्या जागी सरळ 'ताई' म्हणायचं. सुरुवातीला ऋतुजाला हसू यायचं, मग सवय झाली.

आज तिनं नमस्कारही केला नाही. "कुठली पेटी फुटली?"

पडद्यावर लिन्ह एकदम पांढरी पडली. नाकारेल असं वाटलं होतं. तिनं नाकारलं नाही.

"सात नंबरच्या यंत्राची. तुआननं फोडली. ताईचा धाकटा भाऊ. इथंच इंजिनिअर होता, नंतर स्वतःचं छपाईचं दुकान काढलं. ताईला चार महिन्यांपूर्वी कळलं." ती थांबली. "तुझं काम इथून जाईल, इथली दीडशे माणसं घरी बसतील, आणि तो तुरुंगात जाईल, म्हणून ताईनं तुझ्यापासून लपवलं."

"किती विकले त्यानं?"

"अकरा हजारांवर. पहिली खेप सात महिन्यांपूर्वी गेली."

सात महिने. साधारण चालणाऱ्या माणसाची चार लाख पावलं व्हायला नऊ महिने लागतात. जास्त चालणाऱ्यांची भरतच आली असणार. ऋतुजानं हुलीचं सगळं सांगितलं. यंत्र ते लिन्हच्या कानात तिच्या भाषेत ओतत होतं आणि लिन्हचे डोळे मोठे होत चालले होते.

"तू हे ताईच्या कारखान्यात ठेवलंस? आणि सांगितलं नाहीस?"

"सांगून हूल देता येते का? तुझ्या भावानं चोरलं म्हणून झालं हे सगळं!"

"हो. त्यानं चोरलं. ताईनं लपवलं." लिन्ह म्हणाली. "आमच्या आजोळी, मध्य भागात, जमिनीत पुरलेले सुरुंग अजून सापडतात. पुरणारेही म्हणाले असतील, शत्रूसाठी पुरलेत. शत्रू निघून गेला. पाय गेले ते म्हशी राखणाऱ्यांचे. ताईच्या मामाचा गेला. म्हणून तर तुझं काम मिळालं, तेव्हा ताईला इतका आनंद झाला होता."

यंत्र कानात नुसतं सुंऽऽ करत राहिलं.

"यादी पाहिजे मला," शेवटी ऋतुजा म्हणाली. "कुठल्या शहरात किती गेले, कुणी मागवले, सगळं."

"तुआन देणार नाही. दिली की तो अडकतो."

"माहीत आहे."

"तूही अडकशील."

"तेही माहीत आहे."

लिन्हनं डोळे पुसले. "संध्याकाळपर्यंत ताई पाठवते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

यादी दुपारीच आली. सोबत एक ओळ होती: तुआनच्या दुकानातून ताईनं स्वतः उतरवून घेतली, आणि मग पोलिसांना फोन केला.

आता उपाय खरंच चालतो का, हे बघायला हवं होतं. इरफाननं सांगली आणि तासगावहून दोन नकली गुडघे मिळवले. त्यांच्या मालकांना जुने पाय बसवून दिले, शिव्या खाल्ल्या. शेजारच्या भट्टीत दोन्ही मुरवले आणि यंत्रावर चढवले. सेकंदाला दोन पावलं, म्हणजे चार लाखांना पंचावन्न तास. घाई करता येत नव्हती. चुकीचा उपाय सांगितला असता, तर पहिल्या पापावर दुसरं पाप झालं असतं.

दुसऱ्या दिवशी इरफान डबा घेऊन आला. दोघं यंत्रासमोर बसून जेवली. आकडा दीड लाखाच्या पुढे गेला होता.

"एक सांगा," इरफान म्हणाला. "सुरेखाबाई माझ्याकडं आलीच नसती, तर?"

ऋतुजानं घास खाली ठेवला. "तर मोडल्याच्या बातम्या आल्या असत्या. आणि मला आनंद झाला असता. पहिले दोन-तीन दिवस तरी."

इरफाननं तिच्याकडे बघितलं, मान हलवली आणि जेवत राहिला.

तिसऱ्या दिवशी लिन्हचा निरोप आला. बांगलादेशात चट्टग्रामला एक शिंपी जिना उतरताना पडला. गुडघा मधोमध फाटला. खुब्याचं हाड मोडलंय. यादीतला तो पहिला. आकडा तेव्हा तीन लाख वीस हजारांवर होता. ऋतुजा यंत्रासमोर उभी राहिली, जणू बघत राहिल्यानं ते भरभर चालणार होतं. तीन साठ. तीन नव्वद. चार लाख. चार लाख दहा. दोन्ही गुडघे लवत होते, ताठ होत होते. पाच लाखांना तिनं यंत्र थांबवलं, तुकडे कापून भिंगाखाली घातले. कण एकमेकांत घट्ट गुंतले होते.

हर्डीकरांचा फोन वाजत होता. तिनं घेतला नाही. इरफाननं कॅमेरा धरला.

"मी ऋतुजा मगदूम," ती बोलू लागली. "डौल नावाचा गुडघा मी बनवला. ज्याच्या आतल्या बाजूला ठसा नाही, तो गुडघा नकली आहे, आणि तो सुमारे चार लाख पावलांनंतर मोडतो. तो मोडावा अशी व्यवस्था मीच केली होती. चोराला धडा शिकवायला. ती माझी चूक नव्हती, माझा निर्णय होता. पाय फेकू नका. तो दुरुस्त होतो. कसा, ते मी आता सांगते."

मग तिनं चारही टप्पे सांगितले. एकच सांगितला असता, तर पुरलं असतं. पण अर्धवट माहितीवर कुणी भट्टी लावू नये, म्हणून तिनं सगळंच सांगितलं. सगळ्या कृतीला जेमतेम चार मिनिटं लागली. पाच वर्षांचं काम चार मिनिटांत संपल्याचं तिला नवल वाटलं.

निरोप यादीतल्या प्रत्येक गावच्या भाषेत गेला. कोलंबोत, हुबळीत, चट्टग्रामात, मोम्बासात लोक पिशवीत पाय घेऊन भट्टीवाल्यांच्या दारात उभे राहिले. कुणी फुकट मुरवून दिले, कुणी दुप्पट उकळले. दोन महिन्यांत नऊ हजारांचा पत्ता लागला. बाकीचे कुठे गेले, कधीच कळलं नाही. एकतीस माणसं पडली. तिला कळली तेवढी. मोम्बासाची एक बाई त्यातून उठली नाही. ऋतुजानं तिच्या घरच्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, आणि यावं अशी तिची अपेक्षाही नव्हती.

तिच्यावर कोल्हापुरात गुन्हा दाखल झाला, परदेशातही दोन ठिकाणी. हर्डीकर रागावल्या, आठ दिवस बोलल्या नाहीत, आणि मग वकीलपत्र घेऊन स्वतः कोल्हापूरला आल्या. तुआनला शिक्षा झाली. लिन्हची नोकरी गेली. डौल आता हुबळीतही बनत होता आणि हायफाँगमध्येही, आणि कुणालाच यादीत थांबावं लागत नव्हतं. हे तिचं यश होतं की तिची हार, ते ऋतुजाला सांगता येईना. लोक विचारत, आणि ती विषय बदलायची.

शनिवारी ती मिरजेला इरफानच्या केंद्रात मदतीला जायची. तशाच एका शनिवारी इंडीकडचा एक माणूस आला. पन्नाशीचा, काळासावळा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, मल्लप्पा नावाचा. त्याचा गुडघा निरोप पोचायच्या आधीच मोडला होता. मेंढरांमागं जाताना उतारावर पडला, मनगट मोडलं, सहा आठवडे अंथरुणात होता. त्याच्या हाताला अजून वाक होता.

इरफान आत दुसऱ्या कुणाची मापं काढत होता. ऋतुजा नवा गुडघा घेऊन बाहेर आली, तसा मल्लप्पा तिला म्हणाला, "बाई, एक इचारू का? गावात पोरं मोबाईल बघून सांगतात, त्या पायात कुणी मुद्दाम खोट घातली हुती म्हणं. चोर सापडावा म्हणून. खरं काय वो ते?"

"खरं आहे."

"कोण त्यो?"

आतल्या खोलीतला आवाज थांबला. इरफान दारात येऊन उभा राहिला होता. ऋतुजाला एक क्षण वाटलं, तो काही बोलेल आणि आपण सुटू. तो बोलला नाही.

"मी," ती म्हणाली. "मी घातली."

मल्लप्पा तिच्याकडे बघत राहिला. त्यानं तिच्या हातातल्या गुडघ्याकडे बघितलं, मग पुन्हा तिच्या तोंडाकडे. त्याला राग आला होता की रडू, ते तिला कळेना. ती जागची हलली नाही. तो उठून जाईल, थुंकेल, हात उगारेल, जे करेल ते घ्यायचं, असं तिनं मनाशी ठरवलं.

त्यानं वाकड्या हातानं धोतर वर केलं, कापलेला पाय पुढे केला आणि म्हणाला, "मग बसवायचा पण तुमीच. आन मी चालून दावंपतूर हितनं हलायचं न्हाई."

ऋतुजा त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि पट्टा सोडायला लागली.